हैदराबादला दोन दिवस जाताय ना, मग हे आधी बघा

पहिलीच ट्रिप आहे तर शुक्रवार टाळा, सालारजंग म्युझियम आणि चौमहल्ला पॅलेस दोन्ही बंद असतात, आमचा अख्खा दिवस त्यात गेला होता. हॉटेल नामपल्ली किंवा लकडीकापूलला मेट्रोजवळ घ्या, रूम साधी असली तरी चालेल पण कॅबचे पैसे वाचतात, एमजीबीएस (महात्मा गांधी बस स्टेशन) मेट्रो स्टेशनला उतरलं की सालारजंग जवळच आणि तिथून चारमिनारला शेअर रिक्षाने जाता येतं. १५९१ चा आहे तो, सकाळी लवकर गाठा. गोवळकोंडा किल्ला मात्र घाईत करू नका, फतेह दरवाज्याखाली ठरावीक जागी टाळी वाजवली की पार वर किल्ल्याच्या माथ्यावर, बालाहिसारला ऐकू येते, एकाने वर थांबायचं, मुलं तर हरखून जातात! पाणी सोबत ठेवा, चढ बराच आहे.