वाचकांचे प्रश्न : विमानाची गाणी आणि धावपट्टीचे कुंपण

प्रश्न : आगगाडीवरची गाणी ढिगाने सापडतात. विमानाला येऊन शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी त्याच्यावरची लोकप्रिय गाणी मोजकीच का?

उत्तर : पहिले कारण कानाचे आहे. रुळांच्या सांध्यांवरून चाके जाताना जो ठेका पडतो, तो संगीतकाराला आयता मिळतो. तो ढोलकीवर धरता येतो, ड्रमवर धरता येतो आणि ही गाडी चालली आहे हे श्रोत्याला वेगळे सांगावे लागत नाही. जेट इंजिनाला ठेकाच नसतो. त्याचा आवाज सलग चढत जातो आणि सलग विरतो. पंख्याच्या दोन इंजिनांच्या विमानात थोडी सोय होती : दोन्ही पंख्यांच्या फेऱ्यांत किंचित फरक राहिला, की दोन घरघरी एकमेकींत मिसळून हेलकावे खाणारा आवाज येतो, जवळजवळ जुळलेल्या तंबोऱ्याच्या दोन तारांतून येतो तसाच. पण वैमानिक नेमका तोच हेलकावा कानाने हेरून फेऱ्या जुळवतो आणि तो घालवून टाकतो. संगीतकाराच्या उपयोगाची गोष्ट वैमानिकाच्या लेखी दोष ठरते.

दुसरे कारण मला अधिक वजनाचे वाटते. खिशात पैसे नसलेला माणूसही मालगाडीच्या डब्यात उडी मारून बसू शकतो. भटक्यांची, मजुरांची, घर सोडून निघालेल्यांची किती तरी गाणी त्या एका शक्यतेतून आली. विमानाच्या बाबतीत तो मार्ग बंद आहे. कॅनडाचे गायक गॉर्डन लाइटफूट यांनी १९६४ साली लिहिलेले ‘अर्ली मॉर्निंग रेन’ नेमके याच अडचणीवर उभे आहे. पहाटेच्या पावसात, रिकाम्या खिशाचा, घरापासून दूर पडलेला एक माणूस विमानतळाच्या कडेला उभा राहून बोईंग ७०७ सुटताना पाहतो आणि त्याला कळते, की मालगाडीवर चढावे तसे याच्यावर चढता येणार नाही. त्यात विमान दिसते, ऐकू येते, पण गाणारा जागचा हलत नाही. विमानावरची मला आवडणारी बहुतेक गाणी अशीच जमिनीवर उभी राहून गायलेली आहेत.

प्रश्न : मग गाणारा स्वतः विमानात बसला आहे, असा काळ कधी नव्हताच का?

उत्तर : होता, आणि तो विमानाच्या अगदी बाल्यावस्थेतला होता. राइट बंधूंचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९०३ रोजी झाले. ते १२ सेकंद टिकले आणि त्यात सुमारे ३६ मीटर अंतर कापले गेले. त्यानंतर अवघ्या सात वर्षांनी, १९१० साली, ‘कम, जोसेफीन, इन माय फ्लाइंग मशीन’ हे गाणे अमेरिकेत आले. शब्द आल्फ्रेड ब्रायन यांचे, संगीत फ्रेड फिशर यांचे. तरुण आपल्या प्रेयसीला विमानात बसवून वर वर नेतो, एवढाच त्याचा विषय आहे, आणि चाल तीन मात्रांची, झोके घेणाऱ्या वॉल्ट्झ नाचाची आहे. त्या काळी गाणी छापील स्वरलिपीच्या रूपात खपत आणि घरच्या पियानोवर वाजवली जात. त्या पियानोभोवती जमणाऱ्यांपैकी फारच थोडे विमानात बसलेले असतील. ज्यात आपण कधी बसलो नाही, त्याच वाहनाचे आमंत्रण इतक्या बिनधास्तपणे देता येते, असे मला वाटते. (हवेतल्या फुग्यावरची विनोदी गाणी त्याच्याही आधी, १८६०च्या दशकात, लंडनच्या रंगमंचावर गाजत होतीच.)

पुढे सूर बदलला. चार्ल्स लिंडबर्ग यांनी मे १९२७ मध्ये न्यू यॉर्क ते पॅरिस हे अंतर साडेतेहेतीस तासांत एकट्याने, कोठेही न उतरता पार केले, तेव्हा त्यांच्यावर लगोलग गाणी निघाली, ‘लकी लिंडी’ हे त्यांतले सर्वांत परिचित. पण त्यांत श्रोता टाळ्या वाजवणाऱ्या गर्दीत होता. दुसऱ्या महायुद्धातले, १९४३ सालचे, ‘कमिंग इन ऑन अ विंग अँड अ प्रेअर’ तर सरळ वाट पाहणाऱ्यांचे गाणे आहे : ठरलेली वेळ उलटून गेली आहे, तळावरची माणसे आकाशाकडे कान लावून आहेत आणि एक इंजिन गमावलेले विमान कसेबसे परत येत आहे.

प्रश्न : ‘फ्लाय मी टू द मून’ हे अवकाशयुगाने घडवलेले गाणे समजावे का?

उत्तर : नाही. बार्ट हॉवर्ड यांनी ते १९५४ साली लिहिले, म्हणजे पहिला कृत्रिम उपग्रह सुटण्याच्या तीन वर्षे आधी, आणि त्याचे नाव ‘इन अदर वर्ड्स’, अर्थात ‘वेगळ्या शब्दांत सांगायचे तर’, असे होते. चंद्र आणि ग्रह हे त्यात प्रेम सांगण्याचे निमित्त आहेत. सांगणाऱ्याला प्रत्यक्षात हात हातात हवा आहे. लोक मात्र त्याला पहिल्या ओळीनेच ओळखू लागले आणि गायिका पेगी ली यांच्या आग्रहावरून शेवटी नावच बदलले. मूळ चाल तीन मात्रांची होती. १९६४ साली फ्रँक सिनात्रा यांच्यासाठी क्विन्सी जोन्स यांनी ती चार मात्रांत बसवली आणि आज बहुतेकांच्या कानात तीच आहे.

हे एकट्या याच गाण्याचे झाले नाही. जॉन डेन्व्हर यांच्या १९६६ सालच्या ‘लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन’चे पहिले नाव ‘बेब, आय हेट टू गो’ होते. निरोप घेणे जिवावर आले आहे, एवढेच ते सांगत होते. इटलीच्या दोमेनिको मोदुन्यो यांचे १९५८ सालचे गाणे कागदोपत्री ‘नेल ब्लू दिपिंतो दी ब्लू’ आहे, पण जगाने त्याचे नाव ‘व्होलारे’, म्हणजे ‘उडणे’, करून टाकले. तिन्ही गाणी मनाविषयीची आहेत आणि तिन्ही ओळखली जातात ती उडण्याच्या नावाने.

प्रश्न : द बर्ड्स या गटाच्या ‘एट माइल्स हाय’मधली उंची खरी आहे का?

उत्तर : आठ मैल म्हणजे ४२,००० फुटांहून थोडे अधिक. १९६५ साली ज्या लंडन प्रवासावरून ते गाणे सुचले, त्या काळची प्रवासी विमाने त्याहून एक-दोन मैल खालून जात. ‘आठ’ कानाला बरे लागते म्हणून आले. कवीला तेवढी मुभा असावी.

प्रश्न : राइनहार्ड माय यांचे ‘युबर डेन वोल्कन’ हे जर्मन गाणे ईशान्येचा वारा आणि ‘धावपट्टी शून्य-तीन’ अशा तपशिलाने सुरू होते. त्याला काही अर्थ आहे, की ती केवळ भरती आहे?

उत्तर : पूर्ण अर्थ आहे. धावपट्टीचा क्रमांक म्हणजे तिची होकायंत्रावरची दिशा दहाने भागून, जवळच्या पूर्णांकात मांडलेली. शून्य-तीन म्हणजे उत्तरेपासून पूर्वेकडे सुमारे ३० अंश. वाऱ्याची दिशा तो जिकडून येतो तिकडची सांगतात आणि ईशान्य म्हणजे ४५ अंश. फरक जेमतेम पंधरा अंशांचा, म्हणजे वारा जवळजवळ समोरून. उड्डाणाला नेमका तोच हवा असतो : विमानाला उचलतो तो पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग, चाकांचा नव्हे. छोट्या विमानाला उचलण्यासाठी ६० नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) वेग लागत असेल आणि १० नॉटचा वारा समोरून येत असेल, तर चाके ५० नॉटवर असतानाच ते जमीन सोडते आणि धावपट्टीही कमी लागते.

१९७४ साली आलेले हे गाणे लिहिणारा माणूस स्वतः परवानाधारक वैमानिक असल्यामुळे पहिलीच ओळ इतकी नेमकी उतरली आहे. तरीही गाण्यात तो विमानात बसत नाही. विमान त्याच्या डोक्यावरून जाते, ढगांत दिसेनासे होते, आवाज विरतो. शेवटी ओल्या डांबरावरच्या डबक्यात पेट्रोलचा इंद्रधनुषी तवंग आणि ढगांचे प्रतिबिंब उरते, आणि तो म्हणतो, की मलाही सोबत जायला आवडले असते.