मेनिंगोकॉकलची लस आल्यावर रुग्ण घटले, पण ते लसीमुळेच कशावरून?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मुलगा शिकायला इंग्लंडला चाललाय, तिकडच्या विद्यापीठाने मेनिंगोकॉकलची, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या मेनिंगोकॉकस जंतूवरची, लस घेऊन या म्हटलंय. लसीने रुग्ण कमी झाले असं सगळे सांगतात, पण साथ आपणहून ओसरली नसेल कशावरून? आणि नाशकात हा आजार कुणाला झाल्याचं ऐकलं नाही, मग लस घ्यायचीच कशाला?

मी डॉक्टर नाही. नाशकात वीस-बावीस वर्षं लॅबमध्ये टेक्निशियन होतो, जंतूंच्या टेबलावर. म्हणून आधी तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, तो माझ्या टेबलावरचा आहे.

आपल्याकडे "मेंदूत ताप गेला" असं म्हटलं की विषय संपतो. त्यात टीबी आला, व्हायरस आले, न्यूमोकॉकस आला, जपानी मेंदूज्वरही आला. मेनिंगोकॉकस हा त्यातला एक. तो पकडायचा तर रक्त किंवा मणक्यातलं पाणी शक्यतो अँटिबायोटिक सुरू होण्याआधी घ्यायला हवं. प्रत्यक्षात दिंडोरी-निफाडकडून पेशंट निघायच्या आधीच तिथल्या डॉक्टरने सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन हे अँटिबायोटिक टोचलेलं असतं. त्यात चूक काही नाही, या आजारात तासांचा हिशेब असतो. पण मग आमच्याकडे यायचं ते गढूळ पाणी. स्लाइडवर पू-पेशींचा नुसता खच आणि जंतू एकही दिसायचा नाही. दोन दिवसांनी रजिस्टरमध्ये आम्ही लिहायचो, "नो ग्रोथ", म्हणजे काही वाढलं नाही. एकदा तर एका दवाखान्याने नमुना रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी पाठवला, मोठ्या काळजीने, बर्फाच्या डब्यात! हा जंतू इतका नाजूक की थंडीत मरतो. चॉकलेट अगरवर (तापवलेलं रक्त घालून केलेलं जंतूंचं खाद्य) लावून, मेणबत्ती पेटवलेल्या बंद बरणीत ठेवून, त्याचे लाड करावे तेव्हा कुठे वाढतो. त्या नमुन्यातून काही वाढलं नाही, हे सांगायला नकोच. पीसीआरवर, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीत, मेलेला जंतूही सापडतो, पण ती तपासणी प्रत्येक नमुन्याची होत नाही.

म्हणजे "नाशकात नाही" याचा निम्मा अर्थ "नाशकात मोजला गेला नाही" असा आहे. देशाचं म्हणाल तर दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ साली याच्या साथी आल्या, २००८-०९ मध्ये मेघालय-त्रिपुरात. तरीही आपल्या सरकारी लसीकरणात ही लस नाही. मालेगावहून हजला जाणाऱ्यांना मात्र ती नवी नाही. या जंतूचे अक्षरांनी ओळखले जाणारे गट आहेत. २००० साली हजच्या गर्दीत त्यातल्या डब्ल्यू गटाची साथ पसरली, त्यानंतर सौदीने चार गटांची लस सक्तीची केली.

आता पहिला प्रश्न. तुमची शंका रास्त आहे. नुसता "आधी इतके, नंतर इतके" असा तक्ता कुणी दाखवला तर मीही विश्वास ठेवणार नाही. हा रोग लहरी आहे, वर्षागणिक वरखाली होतो. एखाद्या जिल्ह्यात दोनाचे चार रुग्ण झाले की "दुप्पट वाढ" अशी बातमी छापता येते. म्हणून लाख लोकांमागे किती हे बघतात, आणि मुख्य म्हणजे कोणत्या गटाचे रुग्ण ते बघतात. ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स, वाय हे मुख्य गट. एकाची लस दुसऱ्यावर चालेलच असं नाही, आणि नेमकी तीच गोष्ट शंका फेडायला कामी येते.

इंग्लंडने १९९९ च्या नोव्हेंबरात सी गटाची लस सुरू केली. तान्ह्या बाळांपासून कॉलेजच्या वयापर्यंत. त्याआधी वर्षाला हजाराच्या आसपास सीचे रुग्ण सापडत, ते काही वर्षांत नव्वद टक्क्यांहून जास्त घटले. बी गटाची लस तेव्हा नव्हती, आणि बी गट काही तसा कोसळला नाही. साथ आपणहून ओसरत असती तर तिने फक्त सीलाच का सोडावं? त्याहून बोलका पुरावा म्हणजे ज्यांनी लस घेतली नव्हती त्यांच्यातही सीचे रुग्ण सुमारे दोन-तृतीयांशाने घटले. कारण हा जंतू दहातल्या एकाच्या घशात काही त्रास न देता बसलेला असतो, सगळ्यात जास्त तरुण पोरांच्या. लसीने त्यांच्या घशातूनच त्याला हुसकलं, मग इतरांपर्यंत पोचवणार कोण?

मोजणीने लसवाल्यांचीही चूक दाखवली, हे मला विशेष आवडतं. तीन डोस घेतलेल्या तान्ह्या बाळांचं संरक्षण वर्षभरात विरतं हे आकड्यांतूनच कळलं, आणि २००६ मध्ये वर्षाच्या वयाला बूस्टर आला.

बीची गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. २००० नंतर इंग्लंडात बी गट लस नसतानाच वर्षानुवर्षं ओसरत गेला. २०१५ मध्ये बाळांना बीची लस सुरू झाली तेव्हा नुसती घट दाखवून भागणार नव्हतं. मग लस मिळालेल्या वयाच्या बाळांत आजार किती अपेक्षित होता आणि किती झाला, याची तुलना लस न मिळालेल्या वयोगटांचा कल लक्षात घेऊन केली. पहिल्या तीन वर्षांत ७५ टक्के घट निघाली. पण ही लस घशातला जंतू काढत नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात तीस हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर ते तपासलं, फरक पडला नाही. म्हणजे बीची लस ज्याने घेतली त्याच्यापुरतीच.

आफ्रिकेत तर १९९६-९७ च्या एकाच साथीत अडीच लाख लोक आजारी पडले, पंचवीस हजार गेले. मुख्यतः ए गट. त्यावरची लस आपल्या शेजारच्या पुण्यात, सीरममध्ये बनली, अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत. २०१० च्या डिसेंबरात बुर्किना फासोपासून सुरुवात झाली आणि ए गट जवळजवळ नाहीसा झाला. सी, डब्ल्यू, एक्स राहिले. ते राहिलेत हे मोजणीमुळे दिसलं, म्हणून पाच गटांची लस आली आणि २०२४ मध्ये नायजेरियाने ती सगळ्यात आधी वापरली.

एक हिशेब सांगून ठेवतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर "निम्मे रुग्ण लस घेतलेलेच होते" असं हमखास येतं. समजा हजार मुलं, त्यातल्या नऊशेंनी लस घेतली. वीस आजारी पडली, दहा लसवाली, दहा बिनलसीची. निम्मी-निम्मी खरी, पण एकीकडे नऊशेंत दहा आणि दुसरीकडे शंभरात दहा. म्हणजे धोका नवव्या हिश्श्यावर आला, लस ८९ टक्के कामाची.

मुलाला चार गटांची (ए, सी, डब्ल्यू, वाय) लस विमानाच्या निदान दोन आठवडे आधी द्या, शरीराला तयारीला वेळ लागतो. इथे घ्यायचं राहून गेलं तर तिथे गेल्याबरोबर घेऊ दे, पहिल्यांदा विद्यापीठात जाणाऱ्या पंचवीसच्या आतल्या मुलांना तिकडे ती मोफत असते. पण त्यात बी नाही, आणि तिकडे आता सर्वाधिक रुग्ण बीचेच. त्यामुळे त्याला हे शिकवून पाठवा: ताप, डोकेदुखी, मान आखडणं आणि अंगावर लाल-जांभळे ठिपके. ठिपक्यांवर काचेचा ग्लास दाबायचा. दाबूनही फिके पडले नाहीत तर रूममेटला उठवून थेट इमर्जन्सी गाठायची. ठिपके नाहीत म्हणून थांबायचं नाही, ते उशिरा येतात किंवा येतही नाहीत. आपल्या सावळ्या कातडीवर ते लवकर दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि पापणीच्या आत बघायला सांगा.