वडिलांनी माळ उतरवली. आता आग्रह करावा का?

प्रश्न : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सास्तूरच्या आमच्या घरात आई आणि धाकटी बहीण माळवदाखाली गेल्या. मी शाळेसाठी उमरग्याला होतो. तोवर पंढरीची वारी न चुकवणाऱ्या वडिलांनी तेराव्यालाच तुळशीची माळ उतरवून खुंटीला अडकवली. तेव्हापासून ते देवळाची पायरी चढलेले नाहीत. मटण मात्र आजही खात नाहीत. पुनर्वसनाच्या घरातही रात्री गडगडले की उठून अंगणात जाऊन बसतात. आता माझ्या मुलीचे लग्न आहे. भावकी म्हणते, म्हाताऱ्याला निदान देवकापुढे तरी हात जोडायला लाव. काय करावे?
— एक वाचक, लोहारा तालुका

उत्तर : आग्रह करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून थकून झोपलेली गावे पहाटे चारच्या सुमारास कोसळली, आणि उन्हाळ्यात गारवा देणारे मातीचे जड माळवद आणि दगड-मातीच्या जाड भिंतीच माणसांच्या अंगावर आल्या. कारण इतके उघड असताना ‘देवाचा कोप’, ‘गावाचे पाप’ अशा शब्दांत समजूत घालणारेही वडिलांना भेटले असतील. श्रद्धा पुष्कळदा संकटापेक्षा अशा समजुतीनेच मोडते, कारण ती मान्य करायची तर त्या पोरीने कोणते पाप केले होते, याचे उत्तर बापाला द्यावे लागते.

गंगाखेडच्या जनाबाईनेही विठ्ठलाला ‘विठ्या’ म्हणून शिव्या घातल्या होत्या, असा दाखला भावकी देईल. तो खरा आहे. परंतु भांडायलाही समोर कोणी तरी असावे लागते, आणि वडिलांच्या लेखी तिथे आता कोणी नसेल, तर त्यांचे गप्प राहणे म्हणजे रुसवा नव्हे. मटण न खाण्यावरूनही ‘आत श्रद्धा आहेच’ असे कोणी ठरवू नये. ती सवय असेल, किंवा तुमच्या आईच्या चुलीशी राखलेले इमान असेल.

देवकाला तुम्ही उभयता बसणारच आहात. आजोबांनी अक्षता टाकल्या की पुरे.

अंगणात जाऊन बसणे ही मात्र निराळी बाब आहे. असा धसका तीस वर्षांनंतरही टिकू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा, किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतून बोला. फक्त, बरे वाटले की ते पुन्हा माळ घालतील, असा हिशेब धरून त्यांना तिकडे नेऊ नका.