तिजोरीत दिसतात ते सगळे पैसे खर्चायचे नसतात

सप्रेम नमस्कार,

विद्यापीठाच्या वित्त विभागात सहायक कुलसचिव म्हणून रुजू झालीस, अभिनंदन. पहिल्याच आठवड्यात तुझ्या कानावर दोन वाक्यं पडतील. एखादे विभागप्रमुख तावातावाने विचारतील, "विद्यापीठाच्या कोट्यवधींच्या ठेवी आहेत ना, मग प्रयोगशाळेच्या रसायनांना पैसे का नाहीत?" आणि तुझ्याच विभागातले जुने अधीक्षक म्हणतील, "मॅडम, पैसेच नाहीत." दोघंही खरं बोलत असतात. विद्यापीठात पैसा कमी असतोच, पण असलेला पैसा कुणाचा, कशासाठी आणि हातात कधी येणार, हे नीट न कळल्याने होणारं नुकसान त्याहून मोठं असतं. तुझी अर्धी नोकरी याच गोष्टीची असेल.

म्हणून आधी मुदत ठेवींची यादी मागव. बँकेकडून येते ती नको, तिच्यात फक्त रक्कम, दर आणि तारीख असते. प्रत्येक पावतीसमोर मूळ पैसा कुणाचा आणि व्याज कोणत्या लेखाशीर्षात जमा होतं, हे लिहून घे. मग दिसेल की त्यात विद्यार्थ्यांची परत करायची अनामत आहे, कंत्राटदारांची सुरक्षा ठेव आहे, संशोधन प्रकल्पांचे पैसे आहेत, झिजलेली यंत्रं-इमारती बदलण्यासाठीचा घसारा निधी आहे, निवृत्तांच्या रजा रोखीकरणासाठी बाजूला काढलेली रक्कम आहे आणि सुवर्णपदकांच्या देणग्या आहेत. (जुन्या देणग्यांच्या व्याजात आज पदकाला सोन्याचा मुलामाही जेमतेम बसतो. तरी ती देणगी मोडून पगार करता येत नाही.) हे सगळं वजा करून उरेल तो खरा सर्वसाधारण निधी. तो आकडा एका कागदावर मांडून कुलगुरू आणि व्यवस्थापन परिषदेपुढे ठेव. "ठेवी मोडा" हा आग्रह त्या कागदाने जितका थंडावतो तितका कुठल्याही भाषणाने थंडावत नाही.

पैसा तीन वाटांनी येतो. मंजूर पदांच्या पगारासाठी राज्य शासनाचं वेतन अनुदान. परीक्षा शुल्क, संलग्नता शुल्क, व्याज असं स्वतःचं उत्पन्न. आणि योजनांची अनुदानं. वेतन अनुदान पगारातच संपतं. विनाअनुदानित तत्त्वावर सुरू झालेल्या विभागांचे पगार, कंत्राटी सफाई, सुरक्षा, वीज, पाणी, इमारतींची देखभाल, हे सगळं दुसऱ्या वाटेवर. आणि नेमकी तीच वाट अरुंद होत चालली आहे.

आपल्याकडची बहुतेक अकृषी विद्यापीठं संलग्नतेवर उभी आहेत. महाविद्यालयं जितकी जास्त तितका परीक्षा शुल्काचा ओघ मोठा. २००४ मध्ये सोलापूर विद्यापीठ झालं तेव्हा शिवाजी विद्यापीठाकडून एक अख्खा जिल्हा गेला. २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झालं तेव्हा नागपूर विद्यापीठाकडून गडचिरोली आणि चंद्रपूर हे दोन जिल्हे गेले. उत्पन्न गेलं, पण मूळ विद्यापीठाच्या इमारती, कर्मचारी आणि निवृत्तिवेतनाचा भार तिथेच राहिला. आता जिल्हे तुटत नसले तरी मोठी महाविद्यालयं एकेक करून स्वायत्त होत आहेत. स्वायत्त महाविद्यालय परीक्षा स्वतः घेतं, म्हणजे परीक्षा शुल्क स्वतःकडे ठेवतं. ज्यांची विद्यार्थिसंख्या मोठी तीच आधी स्वायत्त होतात, हे विसरू नकोस. तुझ्या वाट्याला दोनशे-तीनशे विद्यार्थ्यांची दूरवरची महाविद्यालयं राहतात आणि त्यांच्या परीक्षेचा दरडोई खर्च जास्त असतो. पुढच्या पाच वर्षांचा अंदाज बांधताना मागच्या पाच वर्षांच्या आकड्यांवर सरसकट दहा टक्के वाढवण्याची जी पद्धत आहे, ती इथे दगा देते.

परीक्षेचा हिशेब विषयवार मांडायला शीक. हे फार थोड्या ठिकाणी होतं. समज, एका पेपरमागे विद्यार्थ्याच्या शुल्कातले ८० रुपये येतात. उत्तरपत्रिका, तपासणी आणि केंद्राचा खर्च धरून त्यातले ५० जातात, उरतात ३०. पेपर काढणं, संच तयार करणं, भाषांतर, छाननी, छपाईची जुळणी हा खर्च विद्यार्थी कितीही असले तरी होतोच. तो ६,००० धरू. म्हणजे २०० विद्यार्थ्यांना पेपर स्वतःचा खर्च काढतो. चौदा विद्यार्थ्यांच्या पेपरला ४२० रुपये उरतात आणि ५,५८० खिशातून जातात. असे पेपर किती, याची यादी काढ. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ऐच्छिक विषय वाढले, त्यामुळे ही यादी लांबच लांब निघेल. त्यात सर्वांत महाग पडतात जुन्या अभ्यासक्रमाचे मागे राहिलेले विद्यार्थी: तिघांसाठी स्वतंत्र पेपर, स्वतंत्र बैठक व्यवस्था, स्वतंत्र निकाल. विद्याशाखेकडून समकक्ष विषय ठरवून घेऊन त्यांना नव्या पेपरला बसवता येतं. अभ्यास मंडळांनी प्रश्नसंच तयार ठेवले तर दर सत्राला नव्याने पेपर काढण्याचं मानधनही वाचतं. विषय बंद करा, असं मात्र वित्त विभागाने कधी म्हणू नये. आपण आकडे द्यायचे, निर्णय विद्या परिषदेचा.

खर्च वाचवण्याच्या घाईत परीक्षा यंत्रणेत एकदम मोठा बदल करू देऊ नकोस. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने ऐन हंगामात सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. निकाल महिनोन्‌महिने रखडले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. पद्धत वाईट नव्हती. आधी एका विद्याशाखेवर चालवून बघण्याइतका वेळच कुणी दिला नाही.

आता येणं, म्हणजे आपल्याला मिळायची बाकी रक्कम. महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवरच्या शिष्यवृत्ती आणि शुल्क प्रतिपूर्तीच्या रकमा उशिरा येतात. विद्यार्थी पास होऊन बाहेर पडतो आणि त्याचं शुल्क येणं बाकी असतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क शासनाने उचललं. निर्णय उत्तमच आहे, पण प्रवेशाच्या वेळी रोख येणारा पैसा आता 'येणं' या रकान्यात गेला. तेव्हा विभागनिहाय, वर्षनिहाय थकबाकीचा तक्ता दर महिन्याला काढ. बरेचदा पैसे शासनाकडे अडकलेलेच नसतात. अर्ज महाविद्यालयाच्या किंवा विभागाच्या लॉगिनमध्ये पडताळणीविना पडून असतो, नाहीतर विद्यार्थ्याचं आधार बँक खात्याला जोडलेलं नसतं. यावर एक माणूस पूर्णवेळ बसवलास तर त्याचा पगार सहज सुटतो.

अर्थसंकल्पाशेजारी बारा महिन्यांचा रोख तक्ताही ठेव. अर्थसंकल्पात वर्षाचा मेळ बसतो, पण परीक्षा शुल्क दोन लाटांत येतं आणि वीजबिल दर महिन्याला. जून-जुलैत हात आखडलेला असतो, हे एप्रिलमध्येच दिसलं तर ठेवींच्या मुदती त्या हिशेबाने लावता येतात. नाहीतर मुदतीआधी ठेव मोडून व्याज गमावणं आलंच.

योजनांच्या अनुदानाकडे सगळे आशेने बघतात. २०२३ मध्ये रुसाच्या (राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानाच्या) जागी आलेली केंद्राची पीएम-उषा योजना २०२३-२४ ते २०२५-२६ साठी १२,९२६ कोटींची होती, केंद्र-राज्य वाटा ६०:४०. निवडक विद्यापीठांना प्रत्येकी १०० कोटी. अशा पैशाचे तीन काटे लक्षात ठेव. हप्ता मिळाला की तो खर्चून उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा येत नाही. त्यावरचं व्याज आपलं नसतं. २०१७ च्या केंद्रीय सामान्य वित्तीय नियमांप्रमाणे ते परत भरावं लागतं. तेव्हा अनुदान ठेवीत घालून चार पैसे मिळवायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नकोस. आणि तिसरा काटा सगळ्यात टोकदार: इमारत बांधायला पैसे मिळतात, ती चालवायला मिळत नाहीत. दोन कोटींचं उपकरण येतं, हमीची मुदत संपते, वार्षिक देखभाल करार कुणी करत नाही आणि यंत्रावर कापड चढतं. यावर उपाय निविदेच्या वेळीच करायचा. हमीनंतरच्या पाच वर्षांच्या सर्वसमावेशक देखभालीचा दर निविदेतच मागायचा आणि सर्वांत कमी बोली ठरवताना तो धरायचा. उपकरण बाहेरच्यांना शुल्क आकारून वापरायला द्यायचं, संशोधन उपकरणं सामायिक वापरण्यासाठीच्या केंद्राच्या आय-स्टेम पोर्टलवर नोंदवायचं, आणि ते शुल्क त्याच उपकरणाच्या देखभाल शीर्षात टाकायचं. सर्वसाधारण निधीत गेलं की ते परत दिसत नाही.

रिक्त पदांबद्दल सावध राहा. पद भरलं नाही म्हणून विद्यापीठाचा पैसा वाचत नाही, कारण मंजूर पदाचा पगार शासनाचा होता. तासिका तत्त्वावर नेमलेल्याचं मानधन मात्र बरेचदा आपल्या निधीतून जातं. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी तासाला १,५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० असा दर सांगितला, पण किती ठिकाणी तो मिळतो ते तू बघशीलच. माझ्या मते ही काटकसर नव्हेच. मार्गदर्शक नसल्याने पीएच.डी.च्या जागा घटतात, प्रकल्प येत नाहीत, मूल्यांकन घसरतं.

याचं एक टोक आयकरात निघतं, तिथे सहसा कुणाचं लक्ष नसतं. १९६१ च्या आयकर कायद्यानुसार शासनाच्या पैशावर प्रामुख्याने चालणाऱ्या विद्यापीठाचं उत्पन्न करमुक्त होतं, आणि 'प्रामुख्याने' म्हणजे त्या वर्षीच्या एकूण जमेत शासकीय अनुदान ५० टक्क्यांहून जास्त. पदं रिक्त राहिली की वेतन अनुदान घटतं, दुसरीकडे विनाअनुदानित अभ्यासक्रमांचं शुल्क वाढतं, आणि एखाद्या वर्षी हे प्रमाण निम्म्याखाली जातं. मग धर्मादाय संस्था म्हणून वेगळी नोंदणी आणि उत्पन्नाच्या ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्चण्याची अट लागते. हे प्रमाण डिसेंबरमध्येच काढून बघ. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा लागू तरतूद सनदी लेखापालांकडून लेखी घे.

जीएसटीचंही तसंच. विद्यार्थ्यांच्या प्रवेश व परीक्षा शुल्काला सूट आहे, पण ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकात केंद्राने संलग्नता शुल्कावर १८ टक्के कर लागतो असं म्हटलं आहे. उच्च न्यायालयांत विद्यापीठांच्या बाजूनेही निकाल लागलेले आहेत, म्हणून विधी सल्ला घे. तोवर महाविद्यालयांना पाठवायच्या पत्रात 'लागू कर वेगळा' हे शब्द असू देत. ते नसले आणि कर भरावा लागला, तर एखाद्या महाविद्यालयाकडून जमा झालेल्या १,१८,००० रुपयांमधले १८,००० तुझ्या खिशातून गेले.

वीजबिल विद्युत अभियंत्याला शेजारी बसवून वाच. महावितरणच्या उच्चदाब बिलात मागणी आकार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज खेचली त्यावरचा आकार असतो आणि तो ठरवताना मागच्या अकरा महिन्यांतल्या सर्वोच्च मागणीच्या ७५ टक्क्यांचा विचार होतो. मे महिन्यात एका दुपारी सगळी वातानुकूलन यंत्रं एकत्र चालली आणि मागणी ९०० केव्हीएला (हे मागणीचं एकक) गेली, तर हिवाळ्यात ४५० वापरूनही तू ६७५ चे पैसे भरशील. यंत्रं पाळीपाळीने सुरू करणं हा फुकटचा उपाय. एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएचवर, म्हणजे प्रत्यक्ष कामी न येणारी वीजही धरून होत असल्यामुळे, ती कमी ठेवणारा कपॅसिटर पॅनेल बिघडला तर तेही थेट बिलात दिसतं. करारातली मागणी गरजेपेक्षा फार जास्त असेल तर कमी करून घे. अगदी काठावर मात्र आणू नकोस, ओलांडली की दंड.

ग्रंथालयात एक सोपी बचत आहे. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेतून जानेवारी २०२५ पासून तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिकं शासकीय विद्यापीठांना खुली झाली. त्यातली कोणती आपण अजूनही वेगळे पैसे मोजून घेतो, हे ग्रंथपालांकडून तपासून घे. पाण्यासाठी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात जाऊन ये. साडेआठशे एकरांच्या आवारात तलाव आणि विहिरी राखून त्यांनी विकतच्या पाण्याचा खर्च कसा खाली आणला, ते त्यांच्या अभियंत्यांकडून समजून घे.

माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांवर अर्थसंकल्प उभा करू नकोस, पण आलेली नीट घे. परदेशातून रक्कम येत असेल तर देणाऱ्याचं पारपत्र कोणत्या देशाचं, हे आधी विचार. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी मराठी माणसाची देणगी परकीय ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या ओसीआय कार्डधारकाची ठरते आणि परकीय अंशदान कायदा लागतो. पैसे खात्यात जमा झाल्यावर हा प्रश्न विचारलास तर ते तसेच परत करण्याची वेळ येऊ शकते.

सुरुवात असमायोजित अग्रिमांपासून कर. परीक्षा केंद्रांना, विभागांना, क्रीडा महोत्सवांना दिलेली आणि हिशेब न आलेली रक्कम काढ, वर्षानुवर्षांची सापडेल. आधी चालू वर्षाची वसूल कर, कारण त्यांची बिलं अजून कुणाच्या तरी कपाटात असतात. दोन महिन्यांत हिशेब न देणाऱ्या विभागाला नवं अग्रिम नाही, असं परिपत्रक कुलसचिवांच्या सहीने काढून घे. तुझ्या सहीने काढलंस तर पहिला फोन कुलगुरूंच्या कार्यालयातूनच येईल.

सस्नेह,
तुझा जुना सहकारी