‘मड हेन’ ही कोंबडी नव्हे

प्रश्न असा आहे: अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहराचा ‘टोलेडो मड हेन्स’ नावाचा मायनर लीग बेसबॉल संघ आहे. त्याच्याबद्दल मराठीत लिहिताना नावाचा अर्थ ‘चिखलातल्या कोंबड्या’ असा द्यावा का? आणि ‘मायनर लीग’ला ‘कनिष्ठ लीग’ म्हणावं का?

दोन्हींना माझं उत्तर ‘नको’ असंच आहे.

‘मड हेन’ हे एका पाणपक्ष्याचं अमेरिकेतलं बोलीतलं नाव. पुस्तकी इंग्रजीत त्याला ‘अमेरिकन कूट’ म्हणतात, शास्त्रीय नाव फुलिका अमेरिकाना. याचा सख्खा भाऊबंद आपल्याकडे आहे आणि त्याला मराठीत फार सुंदर नाव आहे: वारकरी. हिवाळ्यात उजनी, जायकवाडी किंवा नांदूर मध्यमेश्वरला गेलात तर पाण्यावर काळ्याकुट्ट पक्ष्यांचे मोठे थवे दिसतात. चोच पांढरी, आणि चोचीपासून कपाळावर चढत गेलेला पांढराशुभ्र पट्टा. तो टिळ्यासारखा दिसतो म्हणून पक्ष्याला वारकरी म्हणतात, असं मानलं जातं. काही जण त्यालाच चांदवा म्हणतात. अमेरिकन जातीचं कपाळ इतकं पांढरं नसतं. तिथे तांबूस ठिपका असतो, चोच मात्र तशीच पांढरी. अंगानं बदकासारखा वाटला तरी हा बदक नव्हे. बोटांना सलग पडदा नसतो, प्रत्येक बोटाच्या कडेला वेगळ्या झालरी असतात. उडायचं झालं की पाण्यावरून फडफडत बरंच अंतर धावतो, मग कुठे हवेत उठतो.

पाणथळीतल्या अशा पक्ष्यांना ‘कोंबडी’ म्हणायची रीत आपल्यालाही परकी नाही. पाणकोंबडी हा शब्द आपण रोज वापरतो आणि नरालाही पाणकोंबडीच म्हणतो. ‘हेन’चंही तेच. त्यामुळे पुरुषांच्या संघाला माद्यांचं नाव कसं, हा प्रश्नच उरत नाही.

हे नाव संघाला चिकटलं ते 1896 साली. त्या काळी टोलेडो शहराच्या हद्दीत रविवारी सामने खेळायला बंदी होती. कामगारांना सुट्टी रविवारची, म्हणजे तिकिटं खपणार त्याच दिवशी. म्हणून संघ शहराबाहेरच्या बे व्ह्यू पार्क मैदानावर खेळू लागला. मैदानाला लागून दलदल होती आणि दलदलीत या पक्ष्यांचा सुकाळ. स्थानिक वार्ताहरांनी खेळाडूंनाच ‘मड हेन्स’ म्हणायला सुरुवात केली. त्याच सुमारास ‘स्वॅम्प एंजल्स’, म्हणजे दलदलीतले देवदूत, असंही एक नाव चालत होतं. देवदूत विरले, पाणपक्षी टिकले. मला यात नवल वाटत नाही. वायव्य ओहायोचा केवढा तरी भाग एकेकाळी ‘ग्रेट ब्लॅक स्वॅम्प’ या अफाट दलदलीखाली होता. एकोणिसाव्या शतकात चर खणून ती जमीन कोरडी केली गेली. दलदल तिथल्या माणसांच्या घरचीच गोष्ट होती आणि हा पक्षी त्यांच्या रोजच्या ओळखीचा होता. नाव कुणी समिती बसवून ठरवलं नाही, म्हणूनच ते इतकं घट्ट बसलं.

आणि ते किती घट्ट बसलं, हे 1952 नंतर कळलं. त्या वर्षी हंगाम चालू असतानाच संघ वेस्ट व्हर्जिनियातल्या चार्ल्स्टनला हलवला गेला. पुढच्या वर्षी शहरात दुसरा संघ आला, त्याचं नाव ‘सॉक्स’, आणि 1955 नंतर तोही गेला. स्वेन फील्ड हे जुनं मैदान पाडलं गेलं. याच मैदानावर केसी स्टेंगेलच्या हाताखाली मड हेन्सनी 1927 चं अजिंक्यपद मिळवलं होतं. हाच स्टेंगेल पुढे न्यूयॉर्क यँकीज या संघाचा व्यवस्थापक, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, म्हणून सात वेळा वर्ल्ड सिरीज ही मेजर लीगची अंतिम मालिका जिंकला. 1965 मध्ये नेड स्केल्डन या स्थानिक लोकप्रतिनिधीच्या खटपटीमुळे शहराला पुन्हा संघ मिळाला. हा संघ मुळात व्हर्जिनियातल्या रिचमंडहून आलेला, जुन्याशी त्याचं काही नातं नाही. तरी नाव कोणतं? मड हेन्स. खेळाडू, मालक, मैदान सगळं बदललं, शहरानं नाव तेवढं सोडलं नाही.

पुढे हे नाव देशभर पोचवलं टोलेडोतच जन्मलेल्या जेमी फार या नटानं. ‘मॅश’ या टीव्ही मालिकेत तो टोलेडोचाच क्लिंगर हा सैनिक झाला होता आणि अधूनमधून मड हेन्सची टोपी नि जर्सी घालून वावरायचा. बेसबॉलशी ज्यांचा संबंध नव्हता त्यांनाही ही दोन शब्दांची जोडी माहीत झाली ती त्यामुळे.

2002 पासून संघ शहराच्या मध्यवस्तीत फिफ्थ थर्ड फील्डवर खेळतो. तिथली शब्दसंपत्ती बघा. संघाच्या वस्तूंचं दुकान म्हणजे ‘स्वॅम्प शॉप’. उजव्या कोपऱ्यात शेजारच्या जुन्या इमारतीला बिलगलेली आसनं म्हणजे ‘द रूस्ट’, पक्ष्यांची रात्री बसायची जागा. यासाठी आपल्याकडे पक्षिमित्रांचा ‘रातथारा’ हा नेमका शब्द आहे. शुभंकरांची नावं मडी आणि मडोना.

आता ‘मायनर’. ‘कनिष्ठ’ म्हटलं की मराठी वाचकाला वयोगट आठवतो, आणि इथे तर पगारी, व्यावसायिक खेळाडू असतात. मड हेन्स ‘ट्रिपल-ए’ दर्जाचा, म्हणजे मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या एकच पायरी खाली असलेला संघ आहे. 1987 पासून तो डेट्रॉइट टायगर्स या मेजर लीग संघाशी जोडलेला आहे. डेट्रॉइट तिथून तासाभराच्या अंतरावर, त्यामुळे वर कुणी जायबंदी झाला की टोलेडोचा खेळाडू त्याच दिवशी तिकडे जाऊन उभा राहू शकतो. अर्थ द्यायचाच असेल तर ‘दुय्यम’ चालेल. दुय्यम निबंधक म्हणतो तेव्हा आपण त्याची लायकी काढत नाही, रचनेतली जागा सांगतो. तरी माझी पसंती ‘मायनर लीग’ तसंच ठेवण्याला.

संघाचं नावही तसंच ठेवा, ‘मड हेन्स’. पहिल्या उल्लेखाला एकदा सांगा की हा आपल्या वारकरी पक्ष्याचा अमेरिकन भाऊबंद आहे. मात्र ‘टोलेडोचे वारकरी’ असं भाषांतर करू नका. वाचक थेट पंढरीच्या वाटेला लागेल. क्रियापदाचं म्हणाल, तर आपण ‘मुंबई इंडियन्सनं सामना जिंकला’ आणि ‘मुंबई इंडियन्स हरली’ असं सहज बोलतो, मनात ‘टीम’ धरून. तसंच ‘मड हेन्स हरली’ म्हणा. मनात खेळाडू असतील तर मी वर लिहिलं तसं ‘मड हेन्सनी’ही योग्यच. ‘हेन्स हरल्या’ मात्र टाळा, त्यानं पुन्हा कोंबड्याच डोळ्यांपुढे येतात.