नव्या कार्यालयात मन लागत नाही. दोष माझाच का?

‘कार्यालय चकचकीत झाले, पगार वेळेवर होतो, सहकारीही चांगले आहेत, मग कामावर जायचे म्हटले की जिवावर का येते? माझ्यातच काही बिघडले आहे का?’ कंपनीने जागा बदलल्यानंतर माझ्याकडे येणारे नोकरदार हा प्रश्न बऱ्याचदा विचारतात. पुण्यातील एका खासगी कंपनीच्या लेखा विभागातील, चाळिशी ओलांडलेल्या एका बाईंनी तो विचारला, तेव्हा राजीनाम्याचा मसुदा त्यांच्या पर्समध्ये तयार होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

जुन्या कार्यालयात त्यांना तीन बाजूंनी आडोसा असलेले स्वतःचे टेबल होते. नव्या जागेत आडोसे गेले आणि ठरलेली खुर्चीही गेली. सकाळी आधी येईल त्याने हवी ती जागा धरायची आणि संध्याकाळी सामान लॉकरमध्ये टाकून निघायचे. शेजारी विक्री विभागाचे फोन अखंड चालू असत आणि पाठीमागून माणसांची ये-जा. बोलता बोलता त्यांनी सहज सांगितले, की मोबाइल बंद करून त्या तो संगणकाला टेकवून उभा ठेवतात, म्हणजे काळ्या काचेत मागे कोण येऊन उभे राहिले आहे ते दिसते. आकडे जुळवणाऱ्या माणसाचे अर्धे लक्ष दिवसभर त्या काचेवर असेल, तर संध्याकाळी घरी कुकरच्या शिट्टीनेही डोके उठणारच.

तरीही मी आधी त्यांची झोप, भूक आणि सुट्टीचे दिवस यांविषयी विचारले, कारण जागेच्या तक्रारीआड कधी कधी नैराश्य दडलेले असते आणि मग मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे लागते. त्यांचे तसे नव्हते. रविवारी त्या पूर्वीसारख्याच हसत्याखेळत्या असत.

‘आवाज सगळ्यांनाच आहे, मग मलाच का सोसवत नाही?’ या त्यांच्या प्रश्नावर मी त्यांना डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग सांगितले, जे १९७२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांत काही जणांना कर्कश, अवेळी होणारा आवाज ऐकवला आणि तो बंद करण्याचे बटण हाताशी दिले, पण शक्यतो वापरू नका असे सांगितले. बहुतेकांनी ते दाबले नाही. तरीही, तोच आवाज बटणाविना ऐकलेल्यांपेक्षा ही मंडळी नंतरच्या अवघड कोड्यांवर जास्त वेळ टिकून राहिली. त्रास आपल्या हाती नसणे हे त्रासाइतकेच माणसाला थकवते.

भिंती पाडल्या की संवाद वाढतो, ही व्यवस्थापनांची लाडकी समजूतही तपासण्यासारखी आहे. इथन बर्नस्टाइन आणि स्टीफन टर्बन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, दोन कंपन्यांची कार्यालये खुली झाल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि ईमेल वाढले, असे आढळले. उघड्यावर बसवलेला माणूस हेडफोन लावून आपला आडोसा स्वतःच उभा करतो.

राजीनामा महिनाभर बाजूला ठेवायचा आणि रोज आपण कुठे बसलो, काम कधी तुटले, एवढेच वहीत लिहायचे, असे आम्ही ठरवले. नोंदींतून निघाले ते त्यांनाही अनपेक्षित होते. भिंतीकडे पाठ करून बसलेल्या दिवशी फोनचा गोंगाट तेवढाच असूनही काम सुरळीत झाले होते; वाटेकडे पाठ असली की चुका होत. मग त्यांनी साहेबांना दिलेल्या अर्जात ‘मला त्रास होतो’ असे लिहिले नाही (अशा वाक्यावर, विशेषतः ते बाईने लिहिले असेल तर, ‘जुळवून घेत नाहीत’ असा शेरा लगेच पडतो), तर महिनाअखेरीच्या आठवड्यात भिंतीलगतची चार टेबले लेखा विभागासाठी राखून ठेवावीत, म्हणजे फेरतपासणीचा वेळ वाचेल, असे लिहिले.

टेबले मिळाली. ठरलेली खुर्ची मात्र कंपनीने नाकारली, आणि त्याबद्दलचा त्यांचा राग मला रास्त वाटतो. राजीनाम्याचे काय करायचे, ते त्या मार्चअखेरीची गडबड आटोपल्यावर ठरवणार आहेत.