१७६२ च्या क्वेबेकमधली विधवा आणि तिची जमीन: गव्हर्नरांची पत्रं मिटून ठेवा

नमस्कार. तुमच्या कादंबरीचं गाव माँट्रियलजवळ, साल १७६२, नायिका विधवा. आणि इंग्रज आल्यावर तिची जमीन कायद्याने थोरल्या मुलाकडे गेली असती का, हा प्रश्न. गव्हर्नरांचा पत्रव्यवहार उपसूनही उत्तर मिळेना, असं तुम्ही लिहिलंय. मी याच काळातल्या एका खेड्यावर मराठीत लिहायला बसलो होतो, तेव्हा नेमक्या याच कागदांत माझा एक आख्खा हिवाळा गेला. म्हणून जरा सविस्तर लिहितो. आजच्या कॅनडातली ही फ्रेंच वसाहत इंग्रजांनी लढाईत जिंकली आणि पुढे तहाने ती कायमची त्यांची झाली, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

उत्तर आधी: नाही, गेली नसती. ८ सप्टेंबर १७६० ला माँट्रियल शरण गेलं, तरी ऑगस्ट १७६४ पर्यंत तिथे लष्करी अंमल होता. त्या भागाचा ब्रिटिश लष्करी गव्हर्नर जनरल गेज याने गावातले तंटे मिलिशियाच्या (गावकऱ्यांच्या हत्यारबंद पथकाच्या) कॅप्टनांवर सोपवले होते. ही माणसं गावचीच, फ्रेंच बोलणारी, कॅथलिक. निवाडे करायची तेही 'कुतूम द पारी' (पॅरिसचा रिवाज) या जुन्याच फ्रेंच कायद्याला धरून. त्या कायद्यात नवरा-बायकोने संसारात मिळवलेल्या मालमत्तेचा निम्मा वाटा बायकोचा, आणि साध्या शेतकऱ्याच्या जमिनीत मुलगे-मुली सगळ्यांना सारखा हिस्सा. सगळं थोरल्याला, ही रीत इंग्रजांची. सप्टेंबर १७६४ च्या हुकुमाने इंग्रजी कायदा आला खरा, पण नोव्हेंबरमध्येच दुसरा हुकूम काढून जमीन आणि वारसा यांना पुढच्या ऑगस्टपर्यंत जुनीच रीत लागू ठेवावी लागली. शेवटी १७७४ च्या क्वेबेक कायद्याने फ्रेंच दिवाणी कायदा परत आणला. मधल्या वर्षांत गावकरी काय करत होते? पूर्वीसारखेच नोटरीकडे, म्हणजे करार-दस्तऐवज लिहून देणाऱ्याकडे, जाऊन कागद करत होते.

माझं घोडं अडलं ते इथेच. एका कार्यालयात (नाव घेत नाही) मला ठामपणे सांगण्यात आलं की नोटरींची दप्तरं 'फ्रेंच काळात' मोडतात, ती १७६० ला संपतात. पुढचं हवं असेल तर ब्रिटिश कागद बघा. पुन्हा विचारलं तरी तेच उत्तर. मग अर्ज, मायक्रोफिल्म, प्रतींचे पैसे, आणि क्वेबेकचा ब्रिटिश गव्हर्नर मरे लंडनला काय कळवतो याची चळत. मरेला इथल्या फ्रेंच रयतेबद्दल जिव्हाळा होता आणि नव्याने आलेल्या इंग्रज व्यापाऱ्यांचा तिटकारा, एवढं कळलं. विधवेच्या घरात किती भांडी होती, याची एक ओळ नाही. अहो, राजा बदलला म्हणून नोटरींनी दौत मिटली नव्हती! तीच माणसं, तीच भाषा, तेच मसुदे. दप्तरावर नंतर कुणीतरी चिकटवलेल्या चिठ्ठीवरून काळाचे तुकडे पाडले की शेतकरी आणि बायका नाहीशा होतात आणि नुसते गव्हर्नर उरतात. मला याचा आजही राग येतो.

तेव्हा १७६० नंतरच्या नोटरींच्या कागदांपासूनच सुरुवात करा. लग्नाचे करार, वाटण्या, खरेदीखतं सगळं नोटरी लिहायचा आणि मूळ प्रत स्वतःकडे ठेवायचा. यातलं सोनं म्हणजे मृत्यूनंतर केलेली घरातल्या मालमत्तेची यादी. शेगडी, गाय, फाटकी चादर, देणी, सगळं किमतीसह. क्वेबेकच्या राष्ट्रीय ग्रंथालय व अभिलेखागाराने यातलं पुष्कळ ऑनलाइन ठेवलंय. जोडीला माँट्रियल भागाची १७६५ ची जनगणना बघा.

मी कायद्याचा जाणकार नाही, हौशी वाचक आहे. कलमांचा काथ्याकूट करायचा असेल तर त्या विषयाच्या माणसाला गाठा. पण माझं मत पक्कं आहे: 'इंग्रज आले आणि सगळं बदललं' हे गृहीत धरून कादंबरी उभी करू नका. मरेने १७६२ मध्ये नेर्न आणि फ्रेझर या आपल्याच दोन स्कॉटिश अधिकाऱ्यांना ला माल्बेला जमिनी दिल्या, त्याही फ्रेंच सेन्योरी पद्धतीने, म्हणजे सेन्योर हा जमीनदार आणि शेतकरी त्याची कुळं. जिंकणारेच जुन्या पद्धतीचे जमीनदार झाले. तुमच्या विधवेलाही सेन्योरच्याच गिरणीत दळावं लागणार आणि धान्याचा चौदावा हिस्सा तिथे ठेवावा लागणार.

नाट्य हवं असेल तर ते पैशात आहे. फ्रेंच सरकारने १७५९ मध्येच कागदी हुंड्यांचे पैसे देणं थांबवलं होतं, आणि तहानंतरही लोकांच्या हाती दर्शनी किमतीचा एक भागच आला. जमीन शाबूत आणि पेटीतली पुंजी मातीमोल, हा घाव तुमच्या नायिकेला खरोखर बसला असता.

शोधताना विधवेचं माहेरचं आडनाव टाका, कागदात बाई त्याच नावाने येते. पुरुषांना बरेचदा लाफ्लर, लातुलिप अशी दुसरी नावं असतात, तीही तपासा. जमीन 'आर्पां'त असते. एक आर्पां म्हणजे साधारण ३४ गुंठे.

आणि तुम्ही दिलेल्या आराखड्यात मुलाच्या दृढीकरणाला (बाप्तिस्म्यानंतर बिशपने करायचा कॅथलिक विधी) बिशप गावात येतो. बिशप पाँब्रियां जून १७६० मध्ये वारले आणि त्यांच्या जागी ब्रियां बिशप झाले ते १७६६ मध्ये. तो प्रसंग १७६२ मध्ये बसत नाही. चार-पाच वर्षं पुढे न्या, नाहीतर दृढीकरण गाळून गावच्या पाद्रीचा दुसरा एखादा प्रसंग घाला.